बाईंना हातभार कुणाचा?

१८५६, नायगाव

तुम्ही नायगावात पोहोचता तेव्हा ऑक्टोबर लागलेला आहे. पाऊस सरलाय, आणि माहेरच्या घरात पंचविशीची एक बाई आजारातून नुकती उठून बसली आहे. अंगात पुरतं बळ आलेलं नाही, तरी ती पुण्याला, नवऱ्याला पत्र लिहिते आहे. पत्रावर तारीख पडते १० ऑक्टोबर. लिहिणारी आहे सावित्रीबाई फुले.

तुम्हीही शाळेत शिकवता, त्यामुळे डोळे आपसूक कागदावर जातात. आजारपणात भावानं सेवा केली, हे त्यात आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून त्याच भावानं घातलेला वाद आहे आणि तिनं त्याला दिलेलं उत्तरही आहे. मग शाळेतल्या मैत्रिणीचं, फातिमाचं नाव येतं. आपण इथं पडून राहिल्यामुळे तिकडे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा.

तुम्ही तिथेच थबकता. तापानं फणफणत असतानाही आपला वर्ग कुणाच्या गळ्यात पडला असेल, ही टोचणी तुम्हाला चांगली ठाऊक आहे.

आठ वर्षांपूर्वी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी या जोडप्याला सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण पडायचं, म्हणून बाई जादा लुगडं सोबत न्यायच्या. त्यांच्या सोसण्याची ही गोष्ट आपण दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला सांगतो. पण हे पत्र दुसरीही एक गोष्ट सांगतं. घरात काम समजून घेणारा नवरा आहे, शाळेत भार उचलणारी मैत्रीण आहे, म्हणून ही बाई आजारी पडू शकते आणि बरी होऊन पुन्हा फळ्यासमोर उभी राहू शकते.

१९०५, हिंगणे

पुण्यापासून हिंगण्याची वाट तेव्हा चालूनच कापायची. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम इथे येऊन पाच वर्षं झाली आहेत. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली सहा एकर जमीन, भोवती माळ, आणि वर्गात पाटी घेऊन बसलेल्या विधवा. त्यांच्यातल्या काहीजणी उद्या शिकवायला उभ्या राहतील.

तुम्ही त्यांच्यात मांडी घालून बसता. गणित चुकलं तर इथे हसणारं कुणी नाही. स्वयंपाकघरातून कुणाची हाकही येत नाही. तास संपतो तेव्हा लक्षात येतं, की तुम्हाला आज सलग तासभर शिकता आलं.

पण या निवांतपणाची किंमत भयंकर आहे. जिचा संसार संपला असं समाजानं ठरवलं, तिलाच शाळेसाठी वेळ मोकळा झाला. नवरा आहे, कडेवर मूल आहे आणि शिवाय शाळाही आहे, असं आयुष्य बाईला मिळू शकेल, हे त्या काळी फार थोड्यांच्या मनात येत होतं. घर की शाळा, हा निवाडा तिच्या वाट्याला नशिबानं आणून टाकला होता.

१९७५, गिरगाव

आता तुम्ही चाळीत आहात. पहाटे नळ येतो आणि हंडे, कळश्या, बादल्यांची रांग लागते. पाणी भरून तुम्ही रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारता. चहा, डबे, मुलाचा गणवेश, सासूबाईंचं औषध. सकाळचं अधिवेशन गाठायचं तर जिना धावतच उतरायला हवा.

लग्न ठरताना सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं होतं, बाईमाणसाला शिक्षिकेची नोकरी बरी. अर्धा दिवस शाळा, मे महिन्याची सुट्टी, घरही सांभाळून होतं. त्या कौतुकातली मेख आज कळते. उरलेला अर्धा दिवस तुमचा धरलेलाच नव्हता, तो आधीच स्वयंपाकघराच्या नावे लिहून दिलेला होता.

रात्री जेवणं उरकल्यावर तुम्ही पाटावर सहामाहीचे पेपर घेता. प्रतापगडाच्या उत्तरावर तुमच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटतो. तो पुसून तुम्ही लाल शाईनं गुण देता, बेरीज पुन्हा करून पाहता. कुणाचा अर्धा गुणही बुडता कामा नये.

गेल्या काही वर्षांत बाहेर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या हाकेवर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे निघाले. हे वर्ष तर जगभर महिला वर्ष म्हणून पाळलं जातंय. रस्त्यावर आलेलं लाटणं घरात मात्र अजून एकाच हातात आहे.

आज, जिल्हा परिषदेची शाळा

शेवटी तुम्ही आपल्या काळात येता. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग. परिपाठ होतो, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद होते, पहिलीतलं एक मूल आईसाठी रडतं, त्याला जवळ घेऊन तुम्ही चौथीचा भागाकार सांगता. मोबाइल वाजतो. अमुक माहिती आजच्या आज भरा. मतदार यादीचं काम आहे, त्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरायचं आहे.

शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, पाठाची तयारीही त्यातच. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. कागदावर हे सारं आहे. पण माहिती भरून होते ती घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

आणि घर? देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. राज्यानं २०१८ मध्ये बालसंगोपन रजा आणली, साऱ्या सेवेत मिळून १८० दिवस. ती मिळवणं मोठीच गोष्ट होती. पण पुरुषाला ही रजा पत्नी असाध्य आजारानं अंथरुणाला खिळल्यासारख्या प्रसंगीच मिळते. म्हणजे आई धडधाकट असतानाही बाप मुलाच्या संगोपनासाठी घरी थांबेल, हे या रजेच्या नियमाला सुचलेलं नाही.

इतका प्रवास करून आल्यावर ‘बाईंनी वेळेचं नियोजन शिकावं’ हा सल्ला ऐकवत नाही. नियोजन त्यांना येतंच, त्यावरच शाळा चालल्या आहेत. बाईंचा भार हलका झाला तो प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणी त्यात हात घातला म्हणून. कधी नवऱ्यानं, कधी मैत्रिणीनं, कधी कायद्यानं.

म्हणून मागणी सरळ असायला हवी. शाळा सुटल्यावर माहिती मागू नये. मतदार यादीच्या कामाला वेगळी माणसं नेमावीत. बालसंगोपन रजा आई आणि बाप दोघांनाही द्यावी. आणि घरातल्या पुरुषांनी संध्याकाळचा स्वयंपाक ‘मदत’ म्हणून नव्हे, आपलं काम म्हणून करावा. शिकवून दमलेल्या बाईला विश्रांतीचा हक्क आहे. तो तिला कौतुकानं नको, वेळापत्रकात हवा.