तुळशीतली भांग

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, भांग आणि गांजा एकच का?" त्याला म्हटलं, झाड एकच, पण माल तीन. मग तिसरा कोणता, हे सांगता सांगता अर्धा तास गेला, आणि घरातली एक जुनी गोष्ट निघाली. ती गोष्ट आमच्या चांदूर बाजारच्या बहुतेक नातेवाइकांनी ऐकली आहे, पण तिच्यावर बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. आज तो मोडतो. आधी झाड.

वऱ्हाडातल्या माणसाचा पहिला घोटाळा अंबाडीपाशी होतो. अंबाडीचं पान तसंच बोटांसारखं फाकलेलं, आणि तिचं शास्त्रीय नाव ठेवतानाही भांगेच्याच नावाचा आधार घेतला गेला. त्यात ताग, अंबाडी आणि भांग या तिन्हींना इंग्रजांनी 'हेम्प' म्हणून टाकलं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन कुणाला नशा चढलेली मी पाहिली नाही. झोप मात्र येते. आपल्याकडे दोर वळले ते ताग-अंबाडीचे. भांगेच्या झाडापासून वाख काढायचा तो हिमालयाकडे.

आता तीन माल. भांग म्हणजे पानं. वाळवून, पाट्यावर घोटून, दूध, बदाम, बडीशेप, मिरी घालून प्यायची. शिवरात्र आणि होळीची ती सोबतीण. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात. गांजा म्हणजे मादी झाडाची फुलोऱ्याची बोंडं. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराचे पराग मादीला लागले की तिची ताकद बियांत जाते. म्हणून गांजा पिकवणारे नर झाड ओळखून, फुलायच्या आत, उपटून टाकत. बंगालात नौगावकडे याच कामाचे खास जाणकार असत, त्यांना पोद्दार म्हणत. दिवसभर वावरात फिरून फक्त नर शोधायचे! मादी मग वाट बघत राहते आणि बोंडांवर चिकट राळ साठवत जाते. बंगालचा गांजा पुन्हा चपटा, गोल आणि चूर अशा जातींत विकला जाई. तिसरा चरस, म्हणजे ती राळच. हातावर चोळून किंवा वाळल्या झाडाची चाळून काढलेली. आपल्या मैदानी मुलखात चरसाचा धंदा नव्हताच. तो पंजाबात यायचा यारकंदहून, लडाखच्या वाटेनं, तट्टांच्या पाठीवर. वऱ्हाडी माणसाला 'चरशी' हा शब्द माहीत झाला तो बहुतेक हिंदी सिनेमामुळे.

ताकदीचा क्रम हाच. पानात कमी, बोंडात जास्त, राळेत सगळ्यात जास्त. त्यातलं मुख्य द्रव्य १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गावनी यांनी वेगळं काढलं. पण घेण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. चिलमीचा धूर दोन-चार मिनिटांत डोक्यात जातो, माणसाला आपलं माप कळतं. पोटातली भांग मात्र तास-दीड तास गप्प असते, आणि यकृतात तिचं जे रूप होतं ते अधिक जोरकस. म्हणून होळीला दरवर्षी कुणीतरी "काही होतच नाही ना बे" म्हणत दुसरा गिलास घेतो, आणि संध्याकाळी त्याला खाटेवर धरून ठेवावं लागतं. सगळ्यात सौम्य माल, आणि फजिती सगळ्यात मोठी.

आता गोष्ट. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही लहानआजोबा म्हणायचो. मी पाहिले तेव्हा ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. मधेच कुणाशी तरी बोलत. तरुणपणी त्यांना काही महिने नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. का, असं विचारलं की घरात एकच उत्तर. मोठ्या आत्याच्या शब्दांत, "गांजानं येडा झाला थो, अजून काय!" चिलीम ते ओढत हे खरं. आमच्या घराण्यातली तुळशीत भांग म्हणजे तेच, असं सगळे धरून चालले.

त्या काळी गांजा चोरून घ्यायची वस्तू नव्हती, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. सरकारी परवान्याची दुकानं होती. सातपुड्यापलीकडे निमाडात, खांडव्याच्या बाजूला सरकारच्या देखरेखीत त्याची शेती होई. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे. आबकारी खात्याला त्यातून चांगलं उत्पन्न होतं. गोसावी-बैरागी ओढत, हमाल ओढत, थंडीत राखणीला बसलेला माणूस ओढी. शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीतली चिलीम तर घराघरात आहे. दासगणूंच्या पोथीत काशीहून आलेल्या गोसाव्याच्या नवसाची कथा आहे, आणि महाराजांनी त्याचं मन राखलं असं भाविक सांगतात. त्यावर मी काही बोलणार नाही. एवढंच की त्या तसबिरीपुढे हात जोडणारं आमचं घर लहानआजोबांच्या चिलमीपुढे नाक मुरडत असे.

मी एका हिवाळ्यात १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाचा अहवाल वाचायला घेतला. मार्च १८९३ मध्ये केन नावाच्या खासदारानं विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला, त्यातून हे आयोग निघालं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्य, त्यांत तीन आपल्याकडचे. १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं नव्हतं (ते १९०३ साली झालं), म्हणून वऱ्हाडच्या साक्षी वेगळ्या छापल्या आहेत. शेवटी निष्कर्ष असा, की बेतानं घेणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. आता, आबकारीचा पैसा ज्या सरकारला मिळतो त्याच्याच आयोगानं असं म्हणावं, याकडे जरा डोळे बारीक करून बघावंच लागतं.

पण मला पकडून ठेवलं ते वेड्यांच्या इस्पितळांवरच्या भागानं. सगळे समजत होते की गांज्यानं वेड लागतं, कारण इस्पितळांचे आकडेच तसं सांगत. आयोगानं १८९२ सालचे कागद एकेक करून तपासले. त्या वर्षी १,३४४ जण भरती झाले, पैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून भांग-गांजा लिहिलं होतं. खोलात गेल्यावर उरले ९८, आणि त्यातही केवळ भांग-गांजाच कारण म्हणता येईल असे ६१. बाकीच्यांचं काय? तर फॉर्मात 'कारण' नावाचा रकाना होता आणि तो रिकामा सोडणं बरं दिसत नसे. रोग्याला आणणाऱ्या शिपायाला विचारायचं, "हा गांजा ओढतो का?" तो हो म्हणाला की रकाना भरला. आधी काय घडलं, घरी कुणी गेलं का, हे कोण विचारतो.

मी तिथं पुस्तक मिटलं. कारण आजीनं एकदा, दळण निवडता निवडता, मला सहज सांगितलं होतं की लहानआजोबांची बायको आणि दोन वर्षांचा मुलगा एकाच आठवड्यात पटकीनं गेले. हे १९४० च्या आसपासचं. त्या बाईचं नाव आज घरात कुणालाही सांगता येत नाही.

म्हणून गांजा निर्दोष, असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात, जबर ताकदीचा माल रोज ओढणाऱ्यांत वेडाचा धोका वाढतो हे आताच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि आजचा माल तेव्हाच्यापेक्षा जबर आहे. ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांना इतिहास ऐकवू नये.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आपण पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यात चरस आणि गांजा आहेत, पण बोंडांशिवायची नुसती पानं गांज्याच्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून बनारसला, जैसलमेरला भांगेचं परवान्याचं दुकान चालतं. आपल्याकडे मात्र ती राज्याच्या दारूबंदी कायद्यात येते. गांजा वीस किलोंवर गेला की किमान दहा वर्षं, चरसाला तीच शिक्षा एका किलोवर. तुरीत किंवा पऱ्हाटीत चार झाडं सापडल्याची बातमी अधूनमधून येते, आणि मग कोर्टात वाद चालतो की वजन नुसत्या बोंडांचं धरायचं की पानं-काड्यांसकट. एकाच झाडाचं कुठलं अंग तागडीत पडलं यावर माणसाची दहा वर्षं ठरतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हे झाड सगळ्यात कडक यादीतून काढलं. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी पास झाला, आणि भारताचं मत बाजूनं होतं. आपला कायदा आहे तिथंच आहे.

लहानआजोबा १९८३ साली गेले, म्हणजे कायद्याच्या दोन वर्षं आधी. ते शेवटपर्यंत परवान्याच्या जमान्यातलेच राहिले. नातेवाईक मंडळींना एकच विचारायचं आहे. मोर्शीच्या आत्या, अकोल्याचे काका, कुणाकडे नागपूरच्या इस्पितळाचा तो जुना कागद असेल तर कळवा. आणि कागद नसला तरी, ते चिलीम ओढायला कधी लागले, पटकीच्या आधी की नंतर, हे आठवणारं कुणी अजून असेल तर त्यांना विचारून ठेवा. त्या बाईचं नावही.