हातात धरलेली सायकल

काशीत पंचगंगा घाटानजीक मंगला गौरीच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून पायऱ्या आल्या की सायकल हातात धरून न्यावी लागते. त्या वेळी आम्हांस पुणे आठवते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभिला, तेव्हा हे वाहन संपन्नांच्या हौसेचे होते. पुढे पुण्यात कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, कामगार असे सारेच त्यावर बसून कामाला जाऊ लागले व पुणे सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावले. १९७२ साली जवळच्याच आकुर्डीची ‘चेतक’ स्कूटर आली आणि हळूहळू ते वैभव ओसरले. काशीत सायकलस्वार उतरतो तो वाट अरुंद म्हणून. पुण्यात मात्र रस्ते रुंद होत गेले आणि तो उतरला! स्वस्त वाहनास आपण गरिबीची खूण मानली, हेच त्याचे मूळ नव्हे काय?