गाडीच्या पोटाखाली

परवा एका मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना सिक्युरिटीवाल्या मामांनी नेहमीप्रमाणे दांड्याचा आरसा गाडीखाली सरकवला, तीन सेकंदांत बाहेर काढला आणि "जावा" म्हणाले. मागे रांग नव्हती, म्हणून विचारलं, "मामा, काय दिसतं हो खाली?" ते हसले. "चिखल दिसतो साहेब. दुसरं काय दिसणार?"

हे उत्तर काही डोक्यातून जाईना. शनिवार त्यातच गेला.

३० मार्च १९७९. लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कार पार्कमधून खासदार एअरी नीव्ह गाडी बाहेर काढत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यातून निसटून मायदेशी पोचलेला हा माणूस. गाडी चढावर आली, तिच्याखाली चिकटवलेल्या बाँबमधला पारा कलला, सर्किट पूर्ण झालं आणि स्फोट झाला. नीव्ह वाचले नाहीत. 'आयरिश नॅशनल लिबरेशन आर्मी'ने जबाबदारी घेतली. १९९० साली इयन गाव हे खासदार स्वतःच्या घरासमोर असेच मारले गेले.

उत्तर आयर्लंडमध्ये तर पोलीस, न्यायाधीश, सैनिक यांचा रोजचा दिवसच गुडघे टेकून सुरू व्हायचा. आधी गाडीखाली बघायचं, मग मुलांना आत बसवायचं. १९९८ च्या शांतता करारानंतरही हे पुरतं संपलं नाही. २०११ साली ओमाह गावात एक तरुण पोलीस गाडीखालच्या बाँबने गेला.

आता यातली गंमत बघा (गंमत हा शब्द बरा नाही, पण असो). तो आयरिश पोलीस रोज स्वतःचीच गाडी बघत होता. कुठला पाइप गंजलाय, कुठला नट नवा आहे, हे त्याला पाठ. काल नव्हतं ते आज आहे का, एवढाच प्रश्न. आमचे मामा दिवसाला शेकडो गाड्या बघतात आणि एकही ओळखत नाहीत. त्यांना चिखलच दिसणार!

जमिनीत बसवलेला कॅमेरा इथे कामाला येतो. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधली, तिच्यामुळे डिजिटल कॅमेरे शक्य झाले. गाडीखाली बघणारे बरेच कॅमेरे एका वेळी फक्त एक बारीक रेघ टिपतात. स्कॅनरमध्ये कागद स्थिर असतो आणि दिवा सरकतो. इथे दिवा स्थिर, गाडी सरकते. रेघेला रेघ जोडून अख्खं पोट एका चित्रात येतं. ड्रायव्हरने मध्येच ब्रेक मारला तर चित्र रबरासारखं ताणलं जातं, म्हणून वेग मोजून ते सरळ करावं लागतं.

पण माझ्या मते खरी करामत पुढे आहे. नंबरप्लेट वाचायचं तंत्र ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेत १९७६ साली जन्मलं. ते याला जोडलं की प्रत्येक चित्र गाडीच्या नंबराखाली साठवता येतं. तीच गाडी पुन्हा आली की जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'डिफ' म्हणतो. थोडक्यात, त्या आयरिश पोलिसाची आठवण मशीनला दिली.

अर्थात डिफला मर्यादा आहेत. पहिल्यांदाच आलेल्या गाडीचं जुनं चित्र नसतं. नवा सायलेन्सर आणि पावसाळ्यातला चिखलही फरकच. आणि सगळं काही पोटाखालून येत नाही. २००१ साली संसदेवरच्या हल्ल्यातली अँबॅसेडर गृहखात्याचं खोटं स्टिकर लावून आत शिरली. २००८ साली मुंबईत टॅक्सींमध्ये बाँब ठेवले गेले ते आतल्या बाजूला. २०१२ मध्ये दिल्लीत इस्रायली दूतावासाच्या गाडीला मोटरसायकलस्वाराने चुंबकाचा बाँब चिकटवला, तो भर रस्त्यात.

म्हणजे शेवटी निर्णय माणसाचाच. फरक इतकाच की कॅमेऱ्यासमोरचा माणूस लांब खोलीत बसून स्क्रीन बघतो. मामा मात्र दांड्याच्या लांबीएवढ्या अंतरावर उभे असतात. खाली खरंच काही असलं, तर पहिले तेच. आपण त्यांच्या हातात आरसा दिला. आठवण दिली नाही, वेळ दिला नाही आणि अंतरही नाही.

पुढच्या वेळी रांगेत हॉर्न वाजवण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ.