नांगर नसलेली होडी: मालवण, ‘स्टार ट्रेक’ आणि इन्सॅट

आज बोलायचंय ‘स्टार ट्रेक’बद्दल, पण सुरुवात आमच्या कौलांवरून करूया.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शन ही अमेरिकन मालिका रविवारी सकाळी दाखवायचं. मालवणात आमच्या वाडीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना बांबूला बांधून गोव्याकडे वळवलेला. एकजण कौलांवर, एक खळ्यात, एक टीव्हीसमोर. ‘इला?’ ‘नाय रे, मुंगयो दिसतत!’ खाऱ्या वाऱ्याने वायरीचं तांबं हिरवं पडायचं, ते घासायचं काम माझ्याकडे. एप्रिल-मेमध्ये तर समुद्रावर गरम आणि दमट हवेचे थर बसले की लहरी वाकून लांबवर जातात, त्यामुळे मधेच भलतंच कुठलं तरी स्टेशन घुसायचं. कॅप्टन कर्क गायब, आणि पडद्यावर कुणीतरी अनोळखी माणूस बातम्या देतोय!

मालिका तेव्हाच जुनी होती बरं का. अमेरिकेत ती सप्टेंबर 1966 ते जून 1969 चालली, 79 भाग झाले आणि बंद पडली. आपल्याकडे पोचेपर्यंत पंधरा-सोळा वर्षं गेली. आम्हाला काय त्याचं! इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे स्पॉकचे कान आणि दरवाज्याचा ‘सूं’ आवाज यावरच भागवायचं. नंतर वाचलं, की तिथल्या प्रेक्षकांमध्ये एक ठरलेला विनोद आहे: लाल सदरा घातलेला खलाशी ग्रहावर उतरला की मेलाच समजा. आम्हाला हा विनोद कळणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे सगळे सदरे राखाडी.

आमचे एक काका रापणीवर असायचे. रविवारी तेही दारात टेकून बघायचे. एकदा यान ग्रहाजवळ येऊन थांबलं, तसे म्हणाले, ‘तेंच्या होडयेक नांगर नाय काय रे? मगे थांबता कसा?’ सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर एका विज्ञानकथा लेखकानेच लिहून ठेवलं होतं. आर्थर क्लार्कने ऑक्टोबर 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर यान ठेवलं, तर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका फिरण्याइतकीच होते. म्हणजे ते धावतच असतं, पण खालून बघणाऱ्याला एका जागी थांबलेलं वाटतं. नांगराची गरजच नाही. अशी तीन यानं ठेवली की जवळपास सगळ्या जगाला प्रक्षेपण पोचतं.

भारताने असं यान 1982 मध्ये पाठवलं, इन्सॅट-1ए. ते काही महिन्यांतच निकामी झालं. मग 30 ऑगस्ट 1983 ला ‘चॅलेंजर’ शटलमधून इन्सॅट-1बी गेलं. त्याचाही सौरपंखा आधी नीट उघडेना. शेवटी उघडला. आणि 1984 साली काही महिने देशात दिवसाला सरासरी एक ट्रान्समीटर उभा राहिला. दिल्लीचा कार्यक्रम गावागावांत गेला तो या यानाच्या जोरावर. मला नकाशा बघताना मजा वाटली ती याची: इन्सॅट-1बी होतं 74 अंश पूर्व रेखांशावर, आणि मालवण साडेत्र्याहत्तरच्या जरासं अलीकडे. म्हणजे आम्ही अँटेना गोव्याकडे वळवत होतो आणि खरं यान जवळपास आमच्याच रेषेवर, दक्षिणेला, डोक्यावर टांगलेलं होतं.

पुढे 1989 मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, आपल्याच पोरांचा कॉम्प्युटर आणि काळातला प्रवास. आशुतोष गोवारीकर, ऊर्मिला मातोंडकर त्यात होते. त्यावर एक वेगळा भाग करायचाय. आज काकांचं पुरं करतो.

त्या इन्सॅटवर टीव्हीबरोबर हवामानखात्यासाठी ढगांचे फोटो काढणारं उपकरणही होतं. रात्रीच्या बातम्यांत तो फोटो दाखवायचे. ‘स्टार ट्रेक’ला दारात टेकणारे काका त्यासाठी आत येऊन बसायला लागले. कर्कचं यान त्यांना खोटं वाटायचं, हे खरं वाटायचं. एका दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रावर पांढरा भोवरा दिसला. काकांनी होडी वर ओढायला लावली. वाडीतल्या बाकीच्यांचं म्हणणं, आभाळ निवळ आहे, जाऊया. काका हटले नाहीत.

वारं आलंच नाही. दोन दिवसांची मासळी गेली, ऐन हंगामात. ज्यांच्या घरात त्या दिवाळीला पैसे कमी पडले त्यांनी काकांना बरंच ऐकवलं, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. तिसऱ्या रात्री मला वाटलं आता काका काही येत नाहीत.

बातम्या सुरू व्हायच्या आधी दारात हाक आली. ‘झिला, अँटेना जरा फिरव रे. ढग स्पष्ट दिसाक होये.’