वलगावचा पूल आणि एक खराटा

अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला नेताना इथंच गाडगेबाबांनी प्राण सोडला.

शेंडगावचा हा डेबूजी शाळेत कधी गेला नाही. १९०५ मध्ये घर सोडलं. गावात पोचला की आधी खराटा हातात, कीर्तन रात्री. आधी काम, मग बोलणं! आपलं उलटं असतं. प्लॅनिंगचे व्हिडिओ बघण्यातच दिवस जातो.

बाबांनी नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी काहीच नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

मोठं व्हायचंय ना? मग कोणासाठी, तेही ठरवा. आणि आज टाळलेलं एक काम आधी उरका. स्टेटस नंतर टाका.