शुभेच्छापत्राच्या दोन कडा

पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशात लाकडी ठशावर बाळ येशूची आकृती कोरीत, ठशाला शाई लावून ती कागदावर उमटवीत आणि मग हाताने रंगवीत. अशा चित्रांतून नववर्षाच्या सदिच्छा दिल्या जात. नाताळासाठी विक्रीस आलेले पहिले शुभेच्छापत्र मात्र लंडनचे. १८४३ साली हेन्री कोल यांच्या सांगण्यावरून चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांनी ते रेखाटले. शिळाछापावर सुमारे हजार प्रती काढून त्या हाताने रंगविण्यात आल्या. किंमत होती एक शिलिंग.

मध्यभागी मेजवानीला बसलेले कुटुंब होते. त्यातील बालकाला मद्याचा घोट दिला जात असल्याचे पाहून मद्यपानविरोधकांनी टीकेची झोड उठविली. दोन्ही कडांवर मात्र वेगळीच चित्रे होती: एकीकडे भुकेल्यास अन्न, दुसरीकडे उघड्यास वस्त्र. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायाची आठवण व्हावी अशी ही दयेची कृत्ये!

पुढे शुभेच्छापत्रात मेजवानी उरली, कडा पुसट झाल्या. आपली मुले बटाट्याच्या ठशाने तारा, गोठा उमटवितात, तेव्हा पालकांनी त्यांना या कडांविषयी अवश्य सांगावे. आणि त्यातले एक पत्र, फराळासह, ज्याच्या दारी कोणी जात नाही अशा घरी मुलांच्याच हाती पाठवावे.