ब्रॉडहेड म्हणजे काय? शिकारीच्या बाणाचं पातं कसं निवडतात आणि आपल्याकडे ते का घेऊ नये

गणपतीत नाटे गावी गेलो होतो. भात पोसवत होतं आणि रात्री डुकरांनी काकांचा अर्धा मळा झोपवला होता. काकांनी फोन पुढे केला. एका शॉपिंग ॲपच्या कार्टमध्ये कंपाउंड बो आणि तीन पात्यांची टोकं. 'ही लावली तर डुक्कर पडेल काय रे?' उत्तर नीट द्यायचं तर आधी हे टोक काम कसं करतं ते बघावं लागेल.

टोकाचं काम

सरावाच्या बाणाला गोल, गुळगुळीत टोक असतं, त्याला फील्ड पॉइंट म्हणतात. ब्रॉडहेड म्हणजे त्याच जागी बसणारं, वस्तऱ्यासारख्या पात्यांचं टोक. दोघांचे आटे सहसा एकाच मापाचे (८-३२) असतात, त्यामुळे एक काढून दुसरं लावता येतं. कल्पना जुनीच आहे. महाभारतातला 'क्षुरप्र' हा वस्तऱ्यासारख्या धारेचाच बाण.

आता थोडं गणित. ४०० ग्रेनचा, म्हणजे साधारण २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला २७० फूट वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे ८८ ज्यूल. ०.३०८ रायफलच्या गोळीची ऊर्जा साधारण ३,५०० ज्यूल. म्हणजे बाण धक्क्याने जनावर पाडत नाही. तो कापतो. फुप्फुसं कापली गेली तर रक्तस्रावाने जनावर मरतं. पातं निवडण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

निवडताना काय बघतात

वजन: १०० आणि १२५ ग्रेन ही नेहमीची मापं, म्हणजे अंदाजे ६.५ आणि ८ ग्रॅम. सरावाचं टोक ज्या वजनाचं, त्याच वजनाचं ब्रॉडहेड घ्यायचं, नाहीतर नेम खालीवर होतो.

खरा वाद फिक्स्ड की मेकॅनिकल हा. फिक्स्डमध्ये पाती कायम उघडी. बिघडण्यासारखं काही नाही, आत खोल जातं. पण पुढची पाती हवेत छोट्या पंखांसारखी वागतात, त्यामुळे धनुष्य नीट ट्यून केलेलं नसेल तर बाण भरकटतो. फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड एकाच जागी लागेपर्यंत सेटिंग करत बसावं लागतं. मेकॅनिकलची पाती मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. उडताना ते फील्ड पॉइंटसारखंच वागतं, दीड-दोन इंच रुंद काप देतं. पण पाती उघडायला आणि रुंद कापायला ऊर्जा खर्च होते, आणि ती मुळात ८८ ज्यूलच आहे. तिरका बाण लागला तर पातं नीट उघडेलच असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हलणारा भाग वाढला की बिघाडाची एक जागा वाढली.

अमेरिकेत परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी माझं मत: धनुष्याची ओढ ४०-५० पाउंड असेल तर दोन पात्यांचं, अरुंद फिक्स्ड घ्या. ६० च्या पुढे असाल तर मेकॅनिकल चालेल. ईस्टन कंपनीचा तक्ता हरणासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड ऊर्जा सांगतो, रानडुकरासाठी ४२ ते ६५. वरचा बाण साधारण ६५ चा आहे. बऱ्याच राज्यांत कापाची किमान रुंदी ७/८ इंच लागते आणि काही ठिकाणी मेकॅनिकलवर बंधनं आहेत, तेव्हा त्या वर्षीची नियमावली वाचा. सरावात वापरलेलं पातं शिकारीला नेऊ नका, धार गेलेली असते. आणि बसवताना सोबत येणारा पाना वापरा, बोटं नाही.

मग काकांना नाही का म्हटलं?

बाण बरोबर बसला तरी जनावर तिथेच पडत नाही, धावतं. तिथले शिकारी मचाणावरून, वीस-तीस यार्डांवरून, उभ्या जनावरावर बाण सोडतात, अर्धा तास थांबतात आणि मग रक्ताचा माग काढतात. पोटात लागला तर कित्येक तास थांबावं लागतं. आपल्याकडे अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पळत्या डुकरावर? नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचं कवच असतं. तिथे अडकलेला बाण घेऊन ते करवंदीच्या जाळीत शिरतं आणि सकाळी त्याच वाटेने कोणीतरी काजूच्या बागेत निघालेलं असतं.

शिवाय कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि 'शिकार' या शब्दात प्रयत्नही येतो. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा. भेकर, सांबर, रानडुक्कर सगळे यात आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगीची तरतूद आहे, पण ती वनखात्याकडून लेखी मिळवायची असते. कार्टमधून नाही.

नुकसानीचे फोटो काढून वनखात्याकडे लगेच अर्ज करणं आणि पंचनामा करून घेणं हा कंटाळवाणा पण खरा मार्ग. कुंपण करायचं तर एनर्जायझरचं, जे क्षणभराचे झटके देतं. घरातली लाईन थेट तारेत सोडू नका, त्याने माणसं मेली आहेत.

धनुष्याचाच नाद असेल तर तो भारतात पूर्ण कायदेशीर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेही कंपाउंडवर. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघंही साताऱ्याच्या दृष्टी अकादमीत प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. तिथे लक्ष्य ५० मीटरवर, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं आणि धनुष्याची ओढ जास्तीत जास्त ६० पाउंड. रेंजवर ब्रॉडहेड चालत नाही, लक्ष्याच्या चिंध्या होतात. पहिली खरेदी म्हणून १०० ग्रेनचे साधे फील्ड पॉइंट पुरतात, पण बाण प्रशिक्षकाला ओढीची लांबी मोजायला लावूनच घ्या. काकांनी कार्टमधून पाती काढली. धनुष्य मात्र अजून तसंच आहे.